मंगळवार पेठेत उभी असलेली गाडी

विश्वजितच्या डाव्या चपलेची टाच उजवीपेक्षा कमी झिजली होती. जोड एकाच दिवशी घेतलेला, घालणारा माणूसही एकच. म्हणजे डाव्या पायावर तो वजन टाकत नव्हता. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, पण एवढं कळायला फिजिक्स लागत नाही. चपलांकडे बघावं लागतं, आणि आमच्याकडे सगळे फोनकडे बघत होते.

फोनवर माझा हा भाऊ रोज संघ बदलत होता. फुटबॉल हंगामाच्या नोंदणीआधी शिवाजी पेठेत हे असंच चालतं. विश्वजित आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. त्याला मंगळवार पेठेतल्या एका तालमीनं आपल्या संघात उचललं, अशी सकाळी बातमी आली आणि संध्याकाळपर्यंत तिला बक्षिसाची नवी जीपही चिकटली. कुणीतरी त्याच्या फोटोवर त्यांची जर्सी चढवली. हात कोपरात वाकलेला, पण बाहीला एक चुणी नव्हती. तरी आई म्हणाली, "रंग खुलतोय गं त्याला."

बातमी कुठून निघाली ते मी शोधू लागले. दूधवाल्या बायडाबाईंना गल्लीतल्या राजवीरनं सांगितलं होतं. राजवीरनं स्टेटसवर वाचलं होतं. स्टेटस ठेवणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "बायडाबाईच म्हणत हुत्या की."

त्या गोल फिरण्यात खरी गोष्ट एकच होती. विश्वजितची गाडी रोज संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या त्या तालमीसमोर दिसत होती. आमच्याकडे या दिवसांत गाडी उभी दिसली की माणूस फुटला असं धरतात. मी जाऊन आले. तालमीला लागूनच एक जिना होता आणि वर फिजिओथेरपीचा दवाखाना.

घरी आल्यावर मी त्याला एवढंच विचारलं, "गुडघा?"

त्यानं दार लोटलं. "ताई, कुणापुढं बोलू नको."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"खेळू नको म्हणतात. दिवाळीपासनं म्हणतायत."

"लोक तुला फितूर म्हणतात, विश्वा."

"म्हणू दे की. 'संपला' असं तर म्हणत न्हाईत."

उद्या नोंदणी बंद होणार होती. तो खिडकीपाशी जाई, फोन उलटा ठेवी, पुन्हा सुलटा करी. फोन थरथरला की मीही दचकत होते. सांगून टाकावं असं दहादा वाटलं. पण ते सांगणं माझं काम नव्हतं.

संध्याकाळी गणपतराव आले. त्यांनी विश्वजितला गोलपोस्टखाली उभं राहायला शिकवलं होतं. तालमीचा संघ अजून तेच निवडतात. चहाला हात न लावता ते म्हणाले, "पेठ सोडणार व्हय रं?"

"न्हाय, आबा."

"मग त्या दारात गाडी कशाला लावतोस? पोरं माझं डोकं खायाला लागल्यात. म्हातारा फसला म्हणून हसत्यात."

विश्वजितचा उजवा पाय फरशीवर सारखा ताल धरत होता. डावा स्थिर होता.

"बरं, ऱ्हाऊ दे. तू न्हाय म्हणलास, मला पुरं," गणपतराव म्हणाले. "गारगोटीचा ऋतुराज सकाळधरनं तालमीत बसून हाय. गोलकीपर चांगला हाय, पण जागा तुझी हाय. त्याला आत्ता जाऊन परत धाडतो. दुसरीकडनं त्याला फोन यायला लागल्यात, बघंल तो त्याचं."

ते उठले. उंबऱ्यापाशी वाकून चपला चाचपू लागले. मी विश्वजितकडे बघितलं नाही, कपबशी उचलली.

"आबा, थांबा."

तो भिंतीला हात लावून उठला. इतके दिवस घरातही भिंतीला हात न लावता उठत होता.

"ऋतुराजला परत धाडू नका. त्याची सही घ्या," तो म्हणाला. "माझा गुडघा गेलाय. मी आता खेळणार न्हाय. कुठंच न्हाय."