चारी बाजूंनी

मी वीजमीटर तपासनीस. समोरचा वीज चोरतोच आहे असं धरूनच मी दाराची बेल वाजवतो, आणि बहुतेक वेळा माझं खरंही ठरतं. आता अशा माणसाची बायको नाटकात काम करते म्हटल्यावर त्याच्या जिवाचं काय होत असेल, तुम्हीच सांगा!

त्यात या नाटकात एक मिठी होती. हिरोबरोबर. केस रंगवायचं वय झालं तरी सगळे त्याला हिरोच म्हणतात. जुन्या थिएटरात स्टेज तीन बाजूंनी बंद, प्रेक्षक फक्त समोर, तेही काळोखात. "अरे, तो हातसुद्धा टेकवत नाही. समोरून मिठी वाटते, एवढंच," असं ही सांगायची. मला हिरोच्या पाठीपलीकडचं काही दिसायचं नाही, म्हणून मी गप्प बसायचो.

मग दिग्दर्शकाच्या डोक्यात किडा वळवळला. हॉलच्या मधोमध नाटक, चारी बाजूंना खुर्च्या. ना पडदा, ना विंग! "आता खोटं चालायचं नाही, कोणी ना कोणी बघतंच," ही जेवताना खुशीत म्हणाली. मी लगेच पुढच्या रांगेतली खुर्ची मागितली.

पहिल्या प्रयोगाला मी दाराकडच्या बाजूला पुढे बसलो. हिरोचा हात हिच्या पाठीवर, चांगला टेकलेला. दुसऱ्या प्रयोगाला पलीकडे बसलो, तर हिने माझ्या दिशेला तोंड करून डोळे मिटलेले. डोळे मिटायला कोणी सांगितलं होतं? तिसऱ्यालाही तीच खुर्ची धरली. हिने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्याने हिला धरून अलगद फिरवलं. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

सकाळी ही गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी सरळ विचारलं, "काल त्याच्या कानात काय सांगितलंस?"

"मला दुसरीकडे वळव म्हटलं. नवरा समोर बसलाय."

"बघ! चोराच्या मनात चांदणं!"

"चोर?" तिने ओला टॉवेल बादलीत टाकला. "अरे, तिथे दिव्यांचा उजेड पुढच्या रांगेवरही पडतो. तुझं तोंड दिसतं मला. सील तुटलेल्या मीटरकडे बघावं तसा बघत असतोस. डोळे मिटून पाहिलं, तरी जमेना. समोरच्या रांगेतल्या एका बाईने तर नाटक संपल्यावर मला विचारलं, तो माणूस कोण?"

"मग?"

"ओळखत नाही म्हटलं."

मी बादलीतला टॉवेल उचलून पिळायला लागलो.

"जुन्या थिएटरात अंधार असायचा," ती म्हणाली. "मला वाटायचं, तू कौतुकाने बघतोयस. त्या जोरावर मी इतकी वर्षं उभी राहिले रे."

"पुढच्या वेळी हसून बसेन," मी कसंबसं म्हटलं.

"नको. ते नाटक असेल, आणि इतक्या जवळून मला ते लगेच कळेल."