खडूच्या बोटी

बाबांनी गच्चीवर पुन्हा दोन्ही बोटी आखल्या. आमच्या घरची ही पद्धतच आहे. मोठी वस्तू घ्यायची तर आधी ती खडूने खऱ्या मापात काढायची, आत खुर्च्या मांडायच्या आणि बसून बघायचं. सोफा असाच आला, गाडीही. सहलीला जायच्या या दोन मोटरबोटी आई असतानाही इथेच आखल्या होत्या. एक निमुळती, वेगाची. दुसरी रुंद, संथ, बाजूला दार असलेली.

आईला दाराची हवी होती. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिचा पाय वर उचलला जात नसे. तेव्हा बाबांनी तिचा हात धरून वेगाच्या बोटीची रेघ ओलांडायला लावली, खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "बघ, आलीस की नाही आरामात?"

"अहो, ही खडूची रेघ आहे. खरा कठडा कमरेला लागेल."

"आई, तुला आम्ही क्रेनने चढवू," दादा म्हणाला होता.

यावरच घोडं अडलं. बोट आलीच नाही आणि आई गेली.

"आता वेगाचीच घेऊन टाकू," दादा खुर्ची सरकवत म्हणाला. "दाराचा प्रश्न काही आता राहिला नाही."

बाबांनी मान डोलावली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खाली जाऊन आईचं शिवणाचं टेबल ओढत वर आणलं आणि वेगाच्या बोटीच्या रेघेवर आडवं ठेवलं.

"हे काय नवीन?" दादा म्हणाला.

"कठडा. बाबा, चढा."

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?"

"तू गप्प बस. बाबा, तिला नेलंत ना आत? आता तुम्ही जा."

बाबांनी टेबलावर हात टेकला, पाय उचलला. गुडघा फळीला येऊन अडला. दादा पुढे झाला.

"हात लावू नकोस त्यांना."

बाबांनी पाय खाली घेतला. मग ते खडू घेऊन दुसऱ्या बोटीपाशी उकिडवे बसले. तिच्या बाजूची रेघ सलग होती. या खेपेला ते दार काढायलाच विसरले होते.

"दार कुठे होतं गं?" त्यांनी वर न बघता विचारलं.

मला ठाऊक होतं. मागच्या वेळी घरात शिरावं तशा आईने तिथे चपला काढल्या होत्या.

मी सांगितलं नाही.