पाणी प्या आणि थांबा

मी एक जुना, स्टीलचा, पाण्याचा जग आहे. माझं झाकण केव्हाच हरवलं आणि पोटाला एक चांगलाच पोचा आहे. सध्या मुक्काम कपाटावर. पण मित्रांनो, एके काळी या हॉस्पिटलात डॉक्टरांच्या खालोखाल माझाच रुबाब होता बरं का! हसू नका, खरं सांगतोय.

कारखान्यात मला ठोकून, वाकवून, घासून चकचकीत केलं. मला वाटलं होतं, आपण एखाद्या मोठ्या हॉटेलात जाणार. आलो कुठे, तर प्रोस्टेटच्या कॅन्सरवर इलाज करणाऱ्या या ठिकाणी! प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. उतारवयात ती कुरकुर करते आणि कधी कधी तिच्यात कॅन्सर होतो. तो मारायला यंत्रातून किरण सोडतात. त्या वेळी मूत्राशय भरलेलं असलं, की आतडी बाजूला सरकतात आणि त्यांना इजा कमी होते. म्हणून सिस्टर रोज माझ्यातून पेले भरून द्यायच्या आणि बजावायच्या, "पाणी प्या आणि थांबा. बाथरूमकडे बघायचंसुद्धा नाही!"

काय दिवस होते ते! सगळे आजोबा खुर्च्यांवर ओळीनं बसायचे, गुडघे जुळवून, ओठ आवळून. कोणी विनोद केला की बाकीचे कळवळायचे, "अरे बाबा, हसवू नकोस, पंचाईत होईल!" एरवी एकमेकांचं तोंडही न बघणारी माणसं इथे जिवलग व्हायची. मला फार आठवतात ती सगळी.

त्यात एक नळदुरुस्तीवाले काका होते. साऱ्या गावाचे तुंबलेले नळ त्यांनी मोकळे केले, पण स्वतःला लघवी नीट होत नव्हती हे घरात कोणाला सांगितलं नाही. रात्री सारखे उठायचे. विचारलं की "वय झालं" म्हणून मोकळे! दिव्याखाली अंधार, दुसरं काय? शेवटी काकूंनी त्यांना ओढतच इथे आणलं. रक्त तपासलं, यंत्रात घालून आतले फोटो काढले, सुईनं बारीक तुकडे काढून तेही तपासले. कॅन्सर निघाला.

"वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. "किरण पूर्ण घेतलेत तर बरे व्हाल. मधेच सोडायचं मात्र नाही."

काकांना किरणांची भीती नव्हती. किरण घेताना यंत्राच्या टेबलावर लघवी सुटली तर, याची होती. म्हणून ते सिस्टरसमोर घटाघटा पाणी प्यायचे आणि त्यांची पाठ वळली की गुपचूप बाथरूम गाठायचे. मला सगळं दिसायचं, पण मी बोलतो कुठे! किरण देण्याआधी यंत्र आतलं चित्र दाखवतं. लगेच यंत्रावरची ताई बाहेर डोकावायची, "काका, टाकी रिकामी! परत पाणी प्या." मागची रांग खोळंबायची आणि सगळे काकांच्या नावानं खडे फोडायचे.

एक दिवस काकांनी अगदी इमानदारीत पाणी धरून ठेवलं. नेमकं त्याच दिवशी यंत्र अडलं, उशीर झाला आणि टेबलावर व्हायचं ते झालं. ताईंनी समजावलं, धुतलेली पँट दिली. पण बाहेर आले तेव्हा काकांचा चेहरा बघवत नव्हता.

"चल," ते काकूंना म्हणाले. "उद्यापासून मी येणार नाही."

"अहो, अर्धाच इलाज झालाय!"

"मेलो तरी चालेल. ही शोभा नको."

काकूंचा आवाज चढला. "दुसऱ्यांच्या घरात नको नको त्या घाणीत हात घातलेत, तेव्हा कधी नाक मुरडलंत का? मग स्वतःच्या थेंबभर पाण्याची एवढी लाज? आणि तुमच्या मागे मी काय करायचं, तेही सांगा ना!" एवढं बोलून त्या रडायलाच लागल्या.

रांगेतले एक आडदांड आजोबा होते, सगळे त्यांना पैलवान म्हणायचे. ते खाकरले. "मी दोनदा भिजवलंय टेबल. कोणाला बोललो नाही, एवढंच." शेजारचे म्हणाले, "मीसुद्धा." काका तरीही निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांची वेळ टळून गेली. त्यांचा पेला भरलेला तसाच होता. मला काही सुचेना. तेवढ्यात दार ढकलून काका आत आले, हातात जास्तीची पँट, तीही सगळ्यांना दिसेल अशी! मी स्वतः भांडं असूनही माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी इलाज पूर्ण केला.

पुढे बटण दाबलं की पाणी देणारं यंत्र आलं, कागदी पेले आले, आणि मी धूळ खात पडलो. वाईट वाटतं हो, का नाही वाटणार?

परवा मात्र काका तपासणीला आले. सोबत धाकटा भाऊ, मान खाली घालून बसलेला. काका भर खोलीत मोठ्यानं म्हणाले, "सिस्टर, हा रात्री सारखा उठतो आणि बायकोपासून लपवतो. याला तपासा." मग भावाकडे वळले, "लाजतोस काय? मी त्या टेबलावर भिजलोय. भिजून कोणी मरत नाही रे, लपवून मरतात."

मित्रांनो, माझी धूळ पुसायला कोणी आलं तर मला बरंच वाटेल. पण आधी घरी जा आणि बाबांना, आजोबांना विचारा, रात्री सारखं का उठता म्हणून. ते म्हणतील, "काही नाही रे, वय झालं." तेवढ्यावर गप्प बसू नका.