गाडीपुरती गाणी

लेक विमानतळावर उतरणार होती आणि तिथून घर दोन तासांवर. त्या दोन तासांचीच तिच्या निवृत्त स्टोअरकीपर वडिलांना धास्ती होती. इतकी वर्षं फोनवर लेकीशी त्यांचं एकच वाक्य होई, "थांब, आईला देतो." आता द्यायला आई उरली नव्हती. मग गाडीत बोलायचं काय? हवापाणी फार तर पहिल्या सिग्नलपर्यंत पुरलं असतं.

म्हणून हा पेनड्राइव्ह. गाणी चालू असली की गप्प बसणं वाईट दिसत नाही.

माणूस निवृत्त होतो, डोक्यातलं गोदाम होत नाही. लहानपणी लेक मागच्या सीटवर गुणगुणायची ती सगळी गाणी त्यांनी शोधून काढली, फोल्डर केले, नंबर घातले. खाली जाऊन पेनड्राइव्ह गाडीत लावला, तर पडद्यावर 'फाइल नाही'. घ्या! कोपऱ्यावरचा मोबाइल दुरुस्तीवाला हसला. "काका, गाडीच्या टेपला हा फॉरमॅट चालत नाही. सगळं पुसा, फॉरमॅट बदला आणि परत भरा."

त्यांनी पुसलं, परत भरलं. आता टेप वाजायला लागला, पण नंबर काही जुमानेना. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी एकेक गाणं घरातल्या कॉम्प्युटरवर वाजवून बघत हव्या त्या क्रमाने भरलं. सगळा दिवस त्यात गेला, पण बरा गेला. घरात कुणाचा तरी आवाज होता.

लेक आली ती दमलेलीच. सामान डिकीत गेलं.

"प्रवास ठीक झाला?"

"हो, बाबा."

संपलं बोलणं! त्यांनी घाईघाईने बटण दाबलं. गाणं सुरू झालं. ती काचेबाहेर बघत राहिली. तिसऱ्या गाण्याला त्यांना राहवेना.

"ओळखलीस का गाणी? तुझी आवडती."

"माझी?" ती वळली. "बाबा, ही तुमची आवडती. गाडीत दुसरी कधी लागलीच नाहीत."

"मग तू म्हणायचीस ती?"

"मी म्हणायला लागले की तुम्ही आरशातून माझ्याकडे बघायचात. म्हणून."

त्यांनी सवयीने आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. लेक शेजारीच बसली होती, आणि तिच्याकडे मान वळवायचा त्यांना धीर होईना.