सागवानातला फ्रीज

शकुबाईच्या नवऱ्याला, आलापल्लीच्या गुणवंतरावांना, सागवानाचं भलतंच वेड. घरात नवा फ्रीज आला तेव्हा त्या पांढऱ्या पत्र्याची त्यांना लाजच वाटली. त्यांनी सुताराकडून त्याच्या मापाचं, पाठीमागूनही बंद असलेलं सागवानी कपाट करून घेतलं आणि फ्रीज आत कोंबला. पाहुण्याला आधी कपाट दाखवायचं, मग चहा.

आठवड्यात दूध नासू लागलं. मागचा पंखा दिवसभर घरघरायचा, पण पाणी कोमटच. गुणवंतरावांनी आधी विजेच्या लाइनच्या नावानं बोटं मोडली, मग कंपनीच्या, आणि शेवटी सारखं दार उघडते म्हणून शकुबाईच्या.

मग मेकॅनिक आदेश आला. त्यानं कपाटाच्या पाठीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"भाऊ, फ्रीज चांगला हाय. मागची गरम हवा बाहेर जाऊन नाई राह्यली. त्याले बाहेर काढा, नाईतर मागची फळी कापा."

"सागवान कापू? डोस्कं फिरलं काय तुयं?"

फ्रीज ओसरीत गेला आणि संध्याकाळपर्यंत त्यात बर्फ झाला. शकुबाईला वाटलं, सुटले एकदाची. पण रिकामं कपाट गुणवंतरावांना बघवेना. त्यांनी बाजारातून नवा माठ आणला, भरून कपाटात ठेवला आणि दार घट्ट लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शकुबाई ओसरीत फ्रीजमधलं गार पाणी पीत होती. आतून गुणवंतराव ओरडले,

"कोमट! आजकालचे कुंभारबी बेइमान झाले वं!"