बोटभर उघडी कातडी

"सर, थांबा. हात लागला."

मंजुळाने समोरचं भांडं स्वतःकडे ओढून घेतलं. डॉ. विनीत यांचा पुढे आलेला हात हवेतच राहिला.

"कुठे?"

"कातडीला. त्या कडेचं कापड सरकलंय."

कल्याणच्या त्या छोट्या हॉस्पिटलात मंजुळा सव्वीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. टेबलावर होते खडवलीचे शिवराम मास्तर. प्रोस्टेटचं ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षं त्यांना लघवी धरवत नव्हती. ती रोखणारं कृत्रिम कडं आज आत बसवायचं होतं; तेच त्या भांड्यात होतं. जखम उघडी धरायला गोल चौकट आणि तिला ताणलेले आकडे लावले होते. जखमेच्या कडांवर औषधात भिजवलेली कापडं होती. कातडीला लागलेला हात कड्याला लागता कामा नये. कातडीवरचे जंतू आत गेले, तर बसवलेलं सगळं परत काढावं लागतं.

"नाही लागला हो, सिस्टर. द्या इकडे." डॉक्टरांच्या आवाजात चीड होती. भूल देणाऱ्या नीला मॅडम मान वर करून बघू लागल्या.

लागला होता ना नक्की? मंजुळाला जेमतेम क्षणभर दिसलं होतं. सोळा वर्षांपूर्वीही असंच क्षणभर दिसलं होतं. तेव्हाचे सर तापट. ती गप्प बसली. महिन्याभरात त्या पेशंटच्या जखमेत पू झाला आणि सगळं काढावं लागलं. कारण तेच होतं, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नसतं. पण ती ते विसरली नाही. घरी नवऱ्यालाही कधी बोलली नाही.

आज सकाळी मास्तर तिला हळूच म्हणाले होते, "मुलगी ठाण्याला असते. दोन वर्षं गेलो नाही हो. तिच्या सोफ्यावर बसायची भीती वाटते."

"लागला, सर. मी बघितलं," मंजुळा म्हणाली. "ग्लोव्हज बदलून घ्या. तोवर मी कापड लावते."

मग डॉक्टर मागे सरले आणि त्यांनी हातमोजे उतरवले. मंजुळाने सरकलेलं कापड काढून नवं लावलं, सैल पडलेला आकडा ताणून बसवला, स्वतःचेही हातमोजे बदलले आणि मगच भांडं पुढे केलं. शेवटचा टाका पडेपर्यंत डॉक्टर तिच्याशी कामापुरतंच बोलले.

सहा आठवड्यांनी मास्तर आले. जखम छान सुकली होती. ती भरेपर्यंत बंद ठेवलेलं कडं त्या दिवशी चालू केलं, आणि तपासणी आटोपताच मास्तर तिला शोधत थिएटरच्या दारापर्यंत आले.

"सिस्टर, सरांनी तीनदा खोकायला लावलं. तरी कोरडाच!" म्हणाले, आणि स्वतःच लाजले. "आता इथूनच ठाण्याला निघालोय. पोरीला कळवलेलं नाही."

"अहो, फोन तरी करा. जेवायचं काय करेल ती?"

मास्तर हसत जिना उतरले.

पुढच्याच महिन्यात तसलंच दुसरं ऑपरेशन होतं. कडं हातात घ्यायची वेळ आली, तसे डॉ. विनीत थांबले. नवे हातमोजे घातलेले दोन्ही हात त्यांनी मंजुळासमोर धरले.

"सिस्टर, बघा एकदा."

तिने आकडे पाहिले, कापडं पाहिली, हात पाहिले. घाई केली नाही. डॉक्टरांनीही केली नाही.

"घ्या, सर," ती म्हणाली.