पोकळ फरशी

"जोड धरला नाही, तर ते वाजवून कळतं का?"

मणक्याचं ऑपरेशन समजावून सांगणाऱ्या सर्जनबाईंनी पेन खाली ठेवलं. पंचवीस वर्षं लोकांच्या घरांत फरशा बसवणाऱ्या मिस्त्रींनी खुलासा केला, "आम्ही फरशीवर टकटक करतो. पोकळ वाजली की समजायचं, खालच्या सिमेंटच्या मालाने धरलं नाही."

बायकोने कपाळाला हात लावला. "यांचं मनावर घेऊ नका हो."

"नाही, प्रश्न बरोबर आहे," सर्जनबाई म्हणाल्या. "स्क्रू मणक्यांना फक्त आवळून ठेवतात. मध्ये भरलेलं हाड एकजीव व्हायला सहा महिने, कधी वर्ष लागतं. ते एक्स-रेत दिसतं. काहींचं होतच नाही. जंतुसंसर्ग, नसेला इजा, हेही धोके आहेत. सगळं नीट होऊनही थोडं दुखणं उरू शकतं. आणि सिगारेट ओढलीत, तर हाड धरण्याची आशा आणखी कमी."

"आणि गुडघ्यावर बसून काम?"

"वर्षभर विसरा. पुढचाही शब्द देत नाही."

मिस्त्रींनी खिशातून सिगारेटचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

ऑपरेशनपर्यंतचे सहा आठवडे त्यांनी काड्या चघळल्या, बायकोवर खेकसले, पण ओढली नाही. नंतर वाकावं लागू नये म्हणून खालची भांडी कमरेच्या उंचीच्या फळीवर आली. पाठ न पिळता, ओंडक्यासारखं कुशीवर वळून उठायची रोज वीसदा तालीम झाली.

"जन्मभर सांगितलं, सरळ वागा," बायको म्हणाली. "आता कुठे वळायला शिकताय."

राहिली न्हाणीघराच्या दारातली हलणारी फरशी. माल सुकायच्या आत दोघं घाईने राहायला आले होते, तेव्हापासूनची. ऑपरेशननंतर चालायला लागणारा वॉकर नेमका तिथेच अडकला असता. मिस्त्रींना वाकता येईना, म्हणून बायको हत्यारं घेऊन खाली बसली आणि मिस्त्री खुर्चीवर.

"दाबू नको. बसू दे तिला. डावा कोपरा केसभर वर आहे."

"एवढ्या लांबून दिसतंय होय!"

तिने लेव्हल ठेवली. बुडबुडा खरंच डावीकडे सरकला होता. तिने रबरी हातोडीने हलकेच दोन ठोके दिले. मिस्त्रींनी फरशीवर स्टूल उलटं ठेवायला लावलं. दोन दिवस कुणी पाय ठेवायचा नाही.

तिसऱ्या सकाळी हॉस्पिटलला न्यायला रिक्षा दारात आली. मिस्त्रींनी काठी उलटी धरून चारही कोपरे वाजवले, मग मधोमध. आवाज भरीव आला.

"धरलंय," ते म्हणाले.

मग हातोडी आपल्या हत्यारांच्या पिशवीत न टाकता त्यांनी कमरेच्या उंचीच्या फळीवर, बायकोच्या चष्म्याशेजारी ठेवली.